अकरावी खुंटी

सोमवार, ४ मार्च
धक्क्यावरची शेड, सकाळचे आठ

चि. बदकास,

आशीर्वाद आज देत नाही. आधी मला मनासारखं भांडून घेऊ दे, आशीर्वादाचं शेवटी बघू. बाबांची तब्येत बरी आहे. गुडघा तसाच, भूक चांगली. नदीला पाणी बेताचं. मी ठीक. झाली ख्यालीखुशाली.

तुझं पार्सल शनिवारी मिळालं. घेऊन आलेला माणूस घामाघूम झाला होता. "बाई, एवढं लांबलचक काय मागवलंत?" म्हणाला. मी म्हटलं, मागवलेलं नाही, भावाने तोंडावर फेकून मारलंय. तो बिचारा सही घेऊन पळाला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं तुझं वल्हं, वर शंभर ठिकाणी चिकटपट्टी, आणि आत चार ओळींची चिठ्ठी. "ताई, हे आता मला लागणार नाही. शेडमध्ये असू दे. गुरुवारी सुनावणी आहे, मी जाणार नाही. चूक माझीच, असं लिहून दिलंय. परवाना कायमचा गेला तरी हरकत नाही."

हरकत नाही? कोणाची हरकत नाही? चालता यायच्या आधी तू पाण्यात सोडल्यावर हात मारायला लागलास, म्हणून आईने तुला बदक म्हणायला सुरुवात केली. ती गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी होडी काढून वरच्या वळणापर्यंत एकटा जाऊन आलास आणि मगच जेवलास. आणि आता कुठल्या तरी गोदामात खोकी रचतोस आणि मला लिहितोस, हरकत नाही! लिहिताना हात कसा नाही अडखळला तुझा? की अडखळला आणि तू रेटलास? रेटण्यात तुझा हात कोणी धरणार नाही, हे मला माहीत आहे.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून झाल्यावर फाड.

इथे हंगाम जोरात आहे. शहरातली माणसं शनिवार-रविवारी नुसती लोटतात. गेल्या आठवड्यात एक पूर्ण ऑफिस आलं होतं, साहेबापासून शिपायापर्यंत. साहेब कयाकमध्ये उलटे बसले. पाय ठेवायच्या जागी पाठ टेकवली आणि "ही होडी मागे का जाते?" म्हणून मलाच विचारायला लागले. तू असतास तर आपण दोघं शेडमागे जाऊन हसलो असतो. मी एकटीने काय हसायचं? "साहेब, होडी बरोबर आहे," एवढंच म्हटलं.

बेटाजवळचा लव्हाळा खूप माजलाय. डाव्या फाट्याचं तोंड आता लांबून दिसतसुद्धा नाही. पण त्या वाकलेल्या झाडावर खंड्याची जोडी परत आली आहे, नेहमीच्याच फांदीवर. वरच्या वळणापाशी सकाळी पाणी इतकं स्वच्छ असतं, की खालचा एकेक गोटा दिसतो. ही माणसं मात्र पाण्याकडे बघतात ती फक्त स्वतःचा फोटो कसा येईल ते पाहायला.

तुझ्या जागी दोन जण घेतलेत. एकजण सारखा शिट्टी वाजवतो. दुसऱ्याला सगळ्यांच्या मागून यायला शेवटच्या होडीवर ठेवलं, तर तो चौथ्या नंबरवर असतो. का, तर मागे एकट्याला कंटाळा येतो! मी त्याला बाबांसमोर उभा केला. बाबांनी त्याच्याकडे फक्त बघितलं. तुला माहीत आहे ते बघणं. दुसऱ्या दिवसापासून तो मागे.

बाबा तुझं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. आम्ही दोघं जेवताना नदीबद्दल बोलतो, हवेबद्दल बोलतो, गुडघ्याबद्दल तर विचारूच नकोस. तू त्यांच्यासमोर उभा होतास आणि ते म्हणाले होते, "माझ्या धक्क्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." तेव्हा तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. उलट बोलायचं होतंस! आयुष्यभर माझ्याशी शब्दाला शब्द लावलास, तिथेच कशी जीभ अडकली तुझी?

जाऊ दे. त्या दिवसाबद्दल लिहायला मी बसलेलीच नाही. जे झालं ते झालं.

काल काय झालं ते ऐक. त्या शिट्टीवाल्याने पाच नंबरच्या खुंटीवर टॉवेल वाळत घातला. ओला टॉवेल, खुंटीवर! मी अशी ओरडले, की धक्क्यावरची वीस माणसं गप्प झाली. "बाबांनी ह्या खुंट्या हाताने केल्यात, नंबर तापल्या सळईने उमटवलेत. पाण्यातून परत आलेलं वल्हं सोडून त्यावर देवाचा फोटोसुद्धा लावायचा नाही," असं सगळं मी त्याला सुनावलं. तो बिचारा टॉवेल छातीशी धरून उभा. बाबा खुर्चीतून म्हणाले, "बरोबर बोललीस."

त्यानंतर मला जेवण गेलं नाही. बाकीचं नंतर लिहिते, गिऱ्हाईकं आलीत.

बुधवार, ६ मार्च
दुपार

दोन दिवस हे पत्र वह्यांखाली दाबून ठेवलं होतं. आता ते पुरं करते. उद्या सुनावणी आहे.

काल तुझं वल्हं उघडलं. शनिवारी नुसती चिठ्ठी वाचून सगळं कोपऱ्यात उभं केलं होतं. खरं सांगायचं तर उघडायची हिंमत नव्हती. पात्याच्या मुळाशी माझं ठिगळ आहे, त्या सकाळी मी लावलेलं. वरचं रेझिन, तो डिंकासारखा लेप, वाळून कडक झालंय. आणि ठिगळाच्या मधोमध एक खाच आहे, गोल, बोटाएवढी रुंद. वल्हं मी खुंटीपाशी नेलं आणि टांगलं. खाच खुंटीवर बरोबर बसली.

तुला हे माहीत होतं. तू ते सहा महिने घरात ठेवलंस, रोज बघितलं असशील. आणि मग चिकटपट्टी लावून मला पाठवून दिलंस! असू दे शेडमध्ये, म्हणे. मला खिजवायला पाठवलंस की मला मोकळं करायला? दोन्हीपैकी काहीही असो, मला त्याचा राग आला. इतका, की वल्हं मोडायला मी गुडघ्यावर घेतलं होतं. मोडलं नाही. तू पक्कं घेतलेलं आहेस.

आता लिहितेच. तू कोणाला सांगणार नाहीस म्हणून मलाच लिहायला पाहिजे, तेही तुलाच, जो तिथे उभा होता. कसला हा मूर्खपणा.

त्या रविवारी शेडमधल्या जमिनीवर पाणीच पाणी होतं. लोक ओल्या पायांनी येत-जात होते. तुझ्या वल्ह्याचं ठिगळ ओलं होतं, जमिनीवर ठेवलं तर कोणीतरी तुडवणार. अकरा नंबरची खुंटी रिकामी होती, कारण अकरा नंबरची होडी घेऊन गेलेले ते चष्म्याच्या दुकानाचे काका अजून पाण्यात होते. मी म्हटलं, पाचच मिनिटं. वल्हं टांगलं. तेवढ्यात त्या बँकेच्या मॅनेजरचा एक बूट हरवला. आठवतो तो? जसं काही सोन्याचा बूट होता. सगळा धक्का डोक्यावर घेतला. मी बाकाखाली, होड्यांखाली, कचऱ्याच्या डब्यात, सगळीकडे बूट शोधत होते. तिकडे बेटाच्या डाव्या फाट्यात होडी उलटून काकांचा हात मुळांमध्ये अडकला होता आणि मी इकडे बूट शोधत होते. बूट शेवटी त्याच्याच पिशवीत निघाला.

तू उसनं वल्हं मारत शेवटची होडी घेऊन आलास. काका खंड्या बघायला डाव्या फाट्यात वळले होते, तू उजवीकडून आलास, ते तुझ्या पुढेच असतील असं तुला वाटलं. त्या बेटापाशी असं होतं, नेहमीच होतं, बाबांचंही झालंय. म्हणून तर खुंट्या आहेत, गिऱ्हाइकाची होडी परत आली की तिचं वल्हं तिच्या नंबरवर! तू नियमाप्रमाणे पाण्यातूनच विचारलंस, "खुंट्या?" पाय बाहेर ठेवला नाहीस. मी बाकाखालून मान वर केली, बघितलं, अकराही भरलेल्या. ओरडले, "भरल्या!" मग तू उतरलास.

हे सगळं मला त्या दिवसापासून माहीत आहे. परवान्याच्या कचेरीतून आलेल्या तपासनीस बाईंना मी सांगितलं, गडबड होती, मला नीट आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. बुटाचा रंगसुद्धा आठवतो. तपकिरी.

सात वाजता काकूंचा फोन आला, की हे अजून घरी आले नाहीत. तू खाली वाळूवर धावत जाऊन गिऱ्हाइकांच्या होड्या मोजल्यास. दहा. वर आलास, खुंट्या बघितल्यास. अकरा. मग तू हात लावलास आणि ठिगळ तुझ्या बोटाला चिकटलं. तू माझ्याकडे बघितलंस. ओरडला असतास, शिवी दिली असतीस, तर बरं झालं असतं. तू तेच वल्हं काढलंस आणि गेलास. अर्ध्या तासात काकांना घेऊन आलास. ते वल्हं मग तू खुंटीवर परत लावलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई वही घेऊन आल्या. अकरावी खुंटी रिकामी. त्यांनी विचारलं, "कालही रिकामीच होती?" तू म्हणालास, "हो, रिकामी होती. मी विचारलं नाही. घाई केली." मी शेजारीच उभी होते, हातात चहाची किटली घेऊन. बाईंना चहा ओतून दिला. साखर किती, तेही विचारलं.

कोणी सांगितलं होतं तुला? मी सांगितलं होतं? मी तुझ्याकडे काही मागितलं होतं? आपल्या मनाने मला पाठीशी घातलंस आणि निघून गेलास. मला विचारायची गरज वाटली नाही. सहा महिने मी तुझ्या मेहेरबानीवर इथे उभी आहे, लोकांवर ओरडते आहे, बाबांकडून "बरोबर बोललीस" ऐकते आहे. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहेस तू. मोठेपणा दाखवायचा हक्क तुला कोणी दिला?

हे लिहिलं आणि परत वाचलं. किती उफराटं आहे हे, मलाही कळतं. राग तुझ्यावर नाही असं मात्र म्हणणार नाही. आहे. माझ्यावर जेवढा आहे त्यातलाच थोडा तुलाही.

मी मनाला सांगत होते, की धक्क्याचा परवाना माझ्या नावावर आहे, माझी चूक निघाली तर धक्का बंद होईल, बाबा कुठे जातील. ते कारण चांगलं होतं, पण खरं नव्हतं. मला लाज वाटली, एवढंच. सगळ्या नदीवर मी खुंट्यांवरून बोलणी ऐकवणारी. एकदा बाबांनी टोपी टांगली, तर त्यांनाही ऐकवलं होतं. मीच वल्हं टांगलं होतं, हे माझ्या तोंडून निघेना.

म्हणून आज सकाळी आधी काकांच्या दुकानात गेले. कधीच गेले नव्हते. अरुंद जागा, तिन्ही भिंतींवर चष्म्यांच्या फ्रेमा, मधे काचेचं टेबल, त्यावर दिवा. काका उजवा हात टेबलावर नुसता ठेवून बसले होते, जसा कोणा दुसऱ्याचा असावा. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खुंटी, ठिगळ, बूट. बुटाचं सांगताना मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला.

त्यांनी टेबलावरचा दिवा बंद केला. मग म्हणाले, "सहा महिने?"

"हो."

"आणि तुमचा भाऊ दर रविवारी इथे येतो, हे माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मला काय माहीत असतं! "ह्या हाताने आता मला बारीक स्क्रू पिळता येत नाहीत," ते म्हणाले. "तो आठवडाभराच्या फ्रेमा घेऊन बसतो. दिवसभर. जेवायलासुद्धा उठत नाही. मी त्याला म्हटलं होतं, तुझ्यावर माझा राग आहे, तू येऊ नकोस. तर म्हणाला, राग असू द्या काका, स्क्रू तर पिळायलाच लागतील."

बदका, मला तिथे बसावं लागलं.

काकांना माझी दया आली असेल असं समजू नकोस. ते म्हणाले, "बाई, मला माफी वगैरे मागू नका, मला ती द्यायची नाहीये. चुकीच्या माणसावर मी सहा महिने चिडलो, हे मला जास्त लागलंय. त्याला रविवारी नदीवर जाऊ द्या. स्क्रू पिळायला तुम्ही या."

मी म्हटलं, रविवारी धक्क्यावर सगळ्यात जास्त गर्दी असते.

"म्हणूनच रविवारी," ते म्हणाले.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते काठी न घेता उठले, शेडमध्ये गेले, अकरावी खुंटी हाताने हलवून बघितली. सैल असती तर तिच्यावर ढकलता आलं असतं. घट्ट होती. परत येऊन खुर्चीत बसले आणि माझ्याकडे तुझा नंबर मागितला. त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी तो पुसून टाकला होता. मी कागदावर मोठ्या आकड्यांत लिहून दिला. तो कागद त्यांनी खिशात ठेवलाय. अजून लावलेला नाही, सारखा खिसा चाचपतात. तेवढा त्यांचा फोन तरी उचल.

गुरुवार, ७ मार्च
दुपारी दोन, सुनावणीच्या कचेरीबाहेरचा बाक

झालं. तुझं वल्हं घेऊन गेले होते. दारातून आत जाईना, तिरकं करून न्यावं लागलं. शिपाई म्हणाला, हत्यार आत नेता येणार नाही. मी म्हटलं, हत्यार नाही, साक्षीदार आहे. त्याला काही कळलं नाही, पण सोडलं.

आधी त्याच तपासनीस बाईंनी तुझा कबुलीचा कागद मोठ्याने वाचला. मला म्हणाल्या, "संबंधित माणसाने चूक मान्य केलीय, तुम्हाला आणखी काय सांगायचंय?" मी टेबलावर वल्हं आडवं ठेवलं आणि ठिगळावर बोट ठेवून सगळं सांगितलं. बाईंनी स्वतः खाचेत बोट घालून बघितलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला चहा दिला होतात." मी म्हटलं, "हो. दोन चमचे साखर." त्यांनी वही ओढली. लिहायला लागल्या.

तुझा परवाना जात नाही. शेवटच्या होडीच्या माणसाने विचारलं होतं आणि किनाऱ्याने चुकीचं उत्तर दिलं, अशी नोंद झाली आहे. तुझा कबुलीचा कागद त्यांनी रद्द केला, आणि खोटं लिहून दिल्याबद्दल तुला बोलणी बसणार आहेत, ती मात्र मुकाट्याने खा, ती तुझ्या हक्काची आहेत. मला वर्षभर धक्क्यावर उभं राहायला बंदी आहे. किनाऱ्याची जबाबदारी दुसऱ्या परवाना असलेल्या माणसाने घेतली तर धक्का चालू राहील, नाही तर बंद. त्या शिट्टीवाल्याकडे परवाना नाही. दुसऱ्याकडे आहे, पण त्याला मागे कंटाळा येतो.

म्हणजे काय ते तू समज. मी तुला ये म्हणून विनवणी करणार नाही. सहा महिने तू माझ्या वतीने ठरवलंस, आता स्वतःचं ठरव. गोदाम आवडत असेल तर तिथेच खोकी रच, मी पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही. पण रविवारी काकांच्या दुकानात येऊ नकोस. तुझ्या खुर्चीवर मी बसलेली असेन. बारीक स्क्रूड्रायव्हर कुठल्या खणात असतो, ते काका मला सांगतील.

वल्हं परत नेऊन शेडमध्ये ठेवणार आहे, दाराशेजारी, भिंतीला टेकवून. ओल्या जमिनीवरच. तुडवलं तर तुडवू दे कोणी. ते पाण्यातून आलेलं नाही, म्हणून खुंटीवर टांगणार नाही.

त्या दिवशी तू पाण्यातून विचारलं होतंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. आशीर्वादासकट आज देते.

नाही भरल्या, बदका. अकरावी रिकामी आहे.

ताई